इन, ऑन, अ‍ॅट आणि माझा स्पॅनिशभाषक वर्ग

अबोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज सविस्तर लिहिते.

मी ह्यूस्टनला राहते. गेली ४ वर्षं इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. काम विनामूल्य आहे, आवडीनं घेतलंय. वर्गात सध्या १४ जण आहेत. एक व्हिएतनामी आजोबा सोडले तर सगळे स्पॅनिश बोलणारे: होंडुरास, मेक्सिको, व्हेनेझुएला, कोलंबिया. कोणी हॉटेलात खोल्या आवरतं, कोणी घरांची छपरं घालतं, एक बाई त्यांच्या देशात दंतवैद्य होत्या आणि इथे परवाना मिळेपर्यंत दवाखान्यात मदतनीस आहेत. दिवसभर राबून संध्याकाळी सात वाजता वही उघडून बसणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

काळ, अनेकवचनं, स्पेलिंग हे सगळं त्यांना सरावानं जमतं. गाडी अडते ती प्रीपोझिशनपाशी. शब्द एवढेसे, पण घोळ केवढा होतो ते सांगते.

मागच्या महिन्यात वर्गातल्या एका आईचा पाच वर्षांचा मुलगा मोठ्या दुकानात हात सोडून कुठेतरी गेला. ती घाबरून तिथल्या कर्मचाऱ्याकडे धावली आणि म्हणाली, 'आय अ‍ॅम लुकिंग माय सन.' तो हसून म्हणाला, 'ओ, नाइस!' तिनं पुन्हा तेच वाक्य मोठ्यानं सांगितलं. त्याला वाटलं, मुलाकडे लक्ष ठेवून आहे म्हणतेय. शेवटी स्पॅनिश कळणारी एक गिऱ्हाईक बाई मध्ये पडली आणि मुलगा खेळण्यांच्या कपाटामागे सापडला. वर्गात हे सांगताना ती हसत होती, पण पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती. एक 'फॉर' राहून गेला होता.

तो का राहिला? स्पॅनिशमध्ये शोधणं म्हणजे 'बुस्कार'. एका क्रियापदात सगळं आलं, वेगळा 'फॉर' लागतच नाही. बघणं म्हणजे 'मिरार', सांभाळणं म्हणजे 'कुइदार'. इंग्रजीनं या तिघांना मिळून एकच 'लुक' दिलाय आणि अर्थ सगळा त्याच्या शेपटीत ठेवलाय: लुक फॉर, लुक अ‍ॅट, लुक आफ्टर. जिच्या भाषेत शेपटीच नाही ती शेपटीकडे लक्ष का देईल? वाट पाहणं 'एस्पेरार', ऐकणं 'एस्कुचार', मागणं 'पेदीर', सगळ्यांची तीच गत. म्हणून माझ्या वर्गात 'आय वेट द बस' आणि 'आय लिसन द म्युझिक' रोज ऐकू येतं.

दुसरा प्रकार आणखी अवघड. तिथे दोन्ही भाषांत शब्द लागतो, पण वेगळा. स्पॅनिशमध्ये एखाद्या गोष्टीवर अवलंबून असणं म्हणजे 'देपेन्देर दे', म्हणून ते 'डिपेन्ड्स ऑफ' म्हणतात. कोणाचा विचार करणं म्हणजे 'पेन्सार एन', म्हणून 'आय अ‍ॅम थिंकिंग इन यू'. कोणाला हसणं म्हणजे 'रेइर्से दे', म्हणून 'दे लाफ ऑफ मी'. लग्न 'कासार्से कोन', म्हणून 'मॅरिड विथ'. हे शेवटचं मला ऐकताक्षणी कळलं, कारण आपणही कोणाशी तरीच लग्न करतो. प्रेमाचंही तसंच. 'एनामोरार्से दे' म्हणजे कोणाच्या तरी प्रेमात पडणं. आपण 'तिच्या प्रेमात' म्हणतो, तेही 'तिच्या' म्हणतात. तिथे 'विथ' घालायचं इंग्रजीनं ठरवलं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे 'एन'. स्पॅनिशचा 'एन' पेटीत, टेबलावर, घरी, बसमध्ये, स्टेशनवर, सगळीकडे चालतो. इंग्रजीत त्याचे तीन तुकडे होतात आणि कुठला कुठे ते पाठ करावं लागतं.

आता मूळ मुद्दा. एका विद्यार्थिनीनं निबंधात लिहिलं होतं: 'लास्ट नाइट आय ड्रीम्ड विथ माय मदर.' तिची आई होंडुरासला आहे, ९ वर्षांत भेट नाही. स्पॅनिशमध्ये स्वप्न पाहणं 'सोन्यार कोन' असतं, म्हणजे शब्दशः आईसोबत स्वप्न पाहणं. मी 'विथ' खोडून वर 'अबाउट' लिहिलं आणि लिहिल्यावर वाटलं, काहीतरी हिसकावून घेतलं. आपणही 'आईबद्दल स्वप्न पडलं' कुठे म्हणतो? आपल्याकडे आई स्वप्नात येते. तिच्या भाषेत ती सोबत असते.

मला ठामपणे वाटतं की ही चूक म्हणजे अज्ञान नव्हे. ते माणूस आपल्या भाषेत नीट विचार करतंय, त्याचीच ती खूण आहे. शिकवताना आधी हे मान्य केलं पाहिजे, मग दुरुस्ती. पण विद्यार्थी 'का?' विचारतात तेव्हा माझ्याकडे दर वेळी उत्तर नसतं. तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता? जरूर लिहा.

कासवचाल

सुंदर धागा. मी नागपूरला २२ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. स्पॅनिश मला येत नाही, तरी 'का?' या प्रश्नाबद्दल लिहितो.

मुलांनी मला 'का?' विचारलं की मी त्यांना उलट विचारायचो: आपण 'घरी' म्हणतो, 'दारी' म्हणतो, 'सकाळी' म्हणतो, मग 'शाळी' का नाही? 'शाळेत' का? कोणालाच सांगता यायचं नाही. ती जुनी सप्तमी आहे, काही शब्दांत टिकली, बाकी ठिकाणी 'त' आला. इंग्रजीचंही तसंच. जुन्या इंग्रजीत 'ऑन' हा शब्द आजच्या 'इन' आणि 'ऑन' दोघांचं काम करायचा. मग 'इन' पसरत गेला आणि 'ऑन'कडे काही जागा राहिल्या. 'अलाइव्ह' म्हणजे मुळात 'ऑन लाइफ', 'अस्लीप' म्हणजे 'ऑन स्लीप'. 'ऑन फूट', 'ऑन फायर' त्याच घराण्यातले. असं सांगितलं की मुलं गप्प होत नाहीत, पण त्यांना राग येत नाही. भाषेला वय असतं हे त्यांना पटतं.

तरी थोडं वळण दिसतं. चालू असलेल्या, पुढे संपणाऱ्या अवस्थेला बहुधा 'ऑन' येतो: ऑन ड्यूटी, ऑन लीव्ह, ऑन स्ट्राइक, ऑन अ डाएट. ज्या अवस्थेनं माणसाला वेढलंय तिथे 'इन': इन पेन, इन ट्रबल, इन अ हरी. हा नियम म्हणून देऊ नका, नुसती ओळख करून द्या.

अबोली

कासवचाल सर, 'घरी' आणि 'शाळेत' हे उदाहरण मी गुरुवारी वापरणार. मनापासून आभार.

तुमची 'ऑन'ची यादी वाचून मी लगेच स्पॅनिश प्रतिशब्द लिहून काढले आणि एक गोष्ट सापडली. सुट्टीवर म्हणजे 'दे वाकासियोनेस', प्रवासात 'दे वियाहे', ड्यूटीवर 'दे ग्वार्दिया'. तिन्ही ठिकाणी 'दे', आणि इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'ऑन'. संपाला मात्र 'एन उएल्गा', डाएटला 'आ दिएता'. पूर्ण जुळत नाही, पण या तिघांचा एक गट करून शिकवता येईल. 'दे' म्हटलं की त्यांचा हात 'ऑफ'कडे जातो, 'आय अ‍ॅम ऑफ व्हेकेशन' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सुट्टी संपली.

पाटीपेन्सिल

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

ताई, तुमची कळकळ कळते, पण विद्यार्थ्यांच्या मातृभाषेचं इतकं कौतुक वर्गात केलं तर चूक घट्ट होते असा माझा अनुभव आहे. मी पुण्यात नोकरी शोधत होतो तेव्हा एका मुलाखतीत 'डिस्कस अबाउट' म्हणालो. समोरच्यानं मध्येच थांबवून 'डिस्कस, नो अबाउट' असं सुनावलं आणि पुढची पंधरा मिनिटं मी प्रत्येक वाक्य तोलत बसलो. ती नोकरी गेली. मला कॉलेजात एका तरी मास्तरांनी वेळीच टोकलं असतं तर ते झालं नसतं. 'वर चर्चा', 'बद्दल चर्चा' हे आपल्या डोक्यात असतं, ते इंग्रजीत शिरतं. प्रेमानं समजावण्यापेक्षा कान धरून घोकवलेलं बरं. जग त्या होंडुरासच्या बाईला समजून घेणार नाही, तुम्ही घेतलंत तरी.

अबोली

राग कसला, मोलाचं लिहिलंत. दुरुस्ती करू नये असं माझं म्हणणं नाही. 'लुकिंग माय सन'चा प्रसंग घडल्यानंतर तर मुळीच नाही. आमच्या वर्गात 'लुक फॉर' आता दर तासाला येतं.

पण तुमच्याच मुलाखतीचं बघा. 'नो अबाउट' एवढंच ऐकल्यानं पुढची पंधरा मिनिटं गेली. त्या माणसानं आधी 'तुमचा मुद्दा कळला' म्हटलं असतं आणि नंतर ते सांगितलं असतं तर? माझ्या वर्गातली माणसं दिवसभर कोणाकडून तरी टोकली जातात. वाचनालयाच्या त्या खोलीत मला ते नकोय. कारण सांगून दुरुस्त केलेलं टिकतं, असं मी चार वर्षांत पाहिलंय. घोकणंही करतो आम्ही, पण सुट्या 'फॉर'चं नाही, अख्ख्या वाक्याचं.

मांडवीकाठ

म्हापशाहून. आमच्या घरात आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, त्यामुळे हा धागा वाचताना सारखी तिची आठवण येत होती. पोर्तुगीजमध्येही हुबेहूब हेच: 'सोन्यार कों', 'कझार कों', 'पेन्सार एं', 'देपेन्देर द'. आजी इंग्रजी नंतर शिकली, आणि पत्रात 'आय ड्रीम्ट विथ यू' लिहायची. मुंबईला असलेल्या माझ्या वडिलांना लिहिलेली ती पत्रं अजून आहेत. लहानपणी आम्ही ते चुकीचं इंग्रजी समजायचो. अबोलीताई, आज तुमच्यामुळे ते वाक्य मी नीट वाचलं.

अबोली

मांडवीकाठ, ही पत्रं जपून ठेवा.

दक्षिणवारा

मी मायामीत राहतो. इथे ही गोष्ट वर्गाबाहेर रस्त्यावर आलीय. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतले भाषाशास्त्रज्ञ फिलिप कार्टर यांनी मायामीच्या इंग्रजीवर काम केलंय. इथली माणसं 'गेट आउट ऑफ द कार' न म्हणता 'गेट डाउन फ्रॉम द कार' म्हणतात. ते सरळ स्पॅनिशच्या 'बाहार्से देल कार्रो'चं इंग्रजी रूप. विशेष म्हणजे नुसते क्यूबाहून आलेले आजी-आजोबाच नव्हे, तर इथेच जन्मलेली, इंग्रजीतच वाढलेली मुलंही असं बोलतात. त्यांच्या दृष्टीनं ती चूक नाहीच, ते मायामीचं इंग्रजी आहे.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काहीच खटकलं नाही! आपणही गाडीतून उतरतो ना. डोंबिवलीला लोकलमध्ये 'आर यू गेटिंग डाउन?' असं विचारत मोठा झालेला माणूस मी. माझ्या शेजारचे क्यूबन काका आणि मी गेली ६ वर्षं एकमेकांना 'गेट डाउन' म्हणतोय आणि दोघांचंही उत्तम चाललंय.

रेघोट्या

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली 'उतरणे'ची. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये एक उदाहरण दिलं, ते आता सगळीकडे वापरतात. इंग्रजीत 'द बॉटल फ्लोटेड इन्टू द केव्ह'. बाटली कशी गेली ते क्रियापदात आहे, कुठे गेली ते 'इन्टू'मध्ये. स्पॅनिशमध्ये 'ला बोतेया एन्त्रो आ ला क्वेवा फ्लोतान्दो'. आता मराठीत म्हणा: बाटली तरंगत गुहेत शिरली. स्पॅनिशसारखंच! शिरणं, निघणं, चढणं, उतरणं, दिशा आपल्या क्रियापदातच बसलेली असते. 'एन्त्रार, सालीर, सुबीर, बाहार' यांचंही तेच. इंग्रजीत ती 'इन, आउट, अप, डाउन' यांच्यावर सोपवलेली असते. म्हणून फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून होणारे प्रयोग, स्पॅनिशवाल्यांना इतके जड जातात. 'रन आउट', 'रन इन्टू', 'रन ओव्हर' यांत ते 'रन'कडे बघतात, कारण त्यांच्या सवयीनुसार महत्त्वाचं सगळं क्रियापदात असायला हवं. इंग्रजी माणूस 'आउट'कडे बघतो.

दुसरी गोष्ट मला फारच आवडते. अबोलीताई, त्या आईचं मूळ वाक्य स्पॅनिशमध्ये काय असेल? 'एस्तोय बुस्कांदो आ मी इहो.' इथे 'आ' आलाय बघा. पण किल्ल्या शोधत असती तर 'बुस्को लास यावेस', 'आ' नाही. आता मराठी: मी मुलाला शोधतेय, पण मी किल्ली शोधतेय. मुलाला 'ला', किल्लीला काही नाही. पुढे जाऊ. 'मी स्वयंपाकीण शोधतेय' म्हणजे कोणीही चालेल, 'बुस्को उना कोसिनेरा'. 'मी स्वयंपाकिणीला शोधतेय' म्हणजे ठरावीक बाई, आत्ता इथे होती, कुठे गेली: 'बुस्को आ ला कोसिनेरा'. दोन भाषा हजारो मैल दूर, आणि माणूस आणि वस्तू यांत दोघीही एकाच ठिकाणी रेघ ओढतात. इंग्रजीत ही सोयच नाही. म्हणजे त्या आईनं 'फॉर' गमावण्याआधी 'आ' गमावला होता. तिच्या भाषेत मुलगा किल्लीपेक्षा वेगळा होता, इंग्रजीत आल्यावर दोघे सारखेच झाले.

अबोली

रेघोट्या, हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात एक फेरी मारून आले. 'मुलाला' आणि 'किल्ली'. इतकी वर्षं दोन्ही भाषा डोळ्यांसमोर असून मला हे दिसलं नाही.

अनघड

मी पुण्यात स्पॅनिश शिकतेय, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी१ पातळी द्यायची आहे. माझी दुसऱ्या बाजूची तक्रार ऐका. मी नेहमी 'देपेन्दे एन' म्हणते, कारण मराठीत 'वर अवलंबून' आणि इंग्रजीत 'डिपेन्ड ऑन'. दोघांनी मिळून मला 'वर'ची सवय लावली. शिक्षिका दर वेळी सांगतात, 'दे, दे, दे'. स्पॅनिश माणसाला गोष्ट कशावर टेकलेली दिसत नाही, कशातून तरी निघालेली दिसते, असं मी मनाशी ठरवलंय आणि त्यानं लक्षात राहतं. बरोबर आहे का माहीत नाही, पण उपयोगी आहे.

'पोर' आणि 'पारा' हा तर माझ्या जिवाचा ताप. दोन्हींना इंग्रजीत 'फॉर' सांगतात आणि तिथेच सगळं बिघडतं. मराठीतून शिकल्यावर सुटलं: 'तुझ्यासाठी' आणि 'तुझ्यामुळे'. ही भेट तुझ्यासाठी आहे म्हणजे 'पारा ती', उशीर तुझ्यामुळे झाला म्हणजे 'पोर ती'. प्रत्येक ठिकाणी हे चालत नाही, पण अर्ध्याहून जास्त गाडी त्यानं पुढे जाते.

ईस्टरिव्हर

न्यूयॉर्कहून लिहितेय. अबोली, एक विनंती: तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा की इंग्रजी बोलणाऱ्यांचंही आपापसात एकमत नाही. न्यूयॉर्कची जुनी माणसं रांगेत 'ऑन लाइन' उभी राहतात, बाकी अमेरिका 'इन लाइन'. ब्रिटिश 'अ‍ॅट द वीकेंड' म्हणतात, इथे 'ऑन द वीकेंड'. आजारी माणूस तिकडे 'इन हॉस्पिटल', इकडे 'इन द हॉस्पिटल'. माझ्या मुलांच्या वयाची पोरं 'बाय अ‍ॅक्सिडेंट'च्या जागी सर्रास 'ऑन अ‍ॅक्सिडेंट' म्हणतात, कारण समोर 'ऑन पर्पज' आहे. मी घरी अजून 'बाय' धरून बसलेय.

दुसरं म्हणजे वेळेचं. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यात माझी मेक्सिकन सहकारी नेहमी अडते, कारण 'आ तिएम्पो' दोन्हीकडे चालतो. मी तिला समजावताना मला कळलं की आपल्याकडे हे तयार आहे: वेळेवर आणि वेळेत. गाडी वेळेवर आली, आणि अर्ज वेळेत पोचला. 'वर' म्हणजे 'ऑन', 'त' म्हणजे 'इन'. अगदी तंतोतंत. मी तिला मराठी शब्द लिहून दिले नाहीत, पण कागदावर एक रेघ काढली, रेघेवर ठिपका दिला, तो 'ऑन टाइम'. मग एक चौकोन काढून त्यात ठिपका दिला, तो 'इन टाइम'. तो कागद तिच्या मॉनिटरला चिकटवलेला आहे.

कासवचाल

वेळेवर आणि वेळेत! इतकी वर्षं शिकवून हे सुचलं नाही. उद्या नातीला दाखवतो.

पाटीपेन्सिल

रेघोट्या आणि ईस्टरिव्हर यांचे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं, प्रामाणिकपणे सांगतो. 'डिस्कस अबाउट'चं कारण मला तेव्हा कोणी मराठीतून सांगितलं असतं तर कदाचित एकदाच सांगावं लागलं असतं.

पण एक शंका राहते. 'मॅरिड विथ' चूक आहे म्हणता, मग 'मॅरिड विथ टू किड्स' मी शेकडो ठिकाणी वाचलंय. ते काय?

रेघोट्या

छान प्रश्न. तिथे 'विथ' लग्नाला जोडलेला नाही, माणसाला जोडलेला आहे. लग्न झालंय, आणि पदरी दोन मुलं आहेत. जोडीदाराशी नातं सांगायचं तर 'मॅरिड टू'. कोका नावाचा अमेरिकन इंग्रजीतल्या प्रत्यक्ष मजकुराचा मोठा संग्रह ऑनलाइन खुला आहे, १९९० ते २०१९ मधले १०० कोटींहून अधिक शब्द आहेत त्यात. अशी शंका आली की तिथे 'मॅरिड विथ' टाकून पुढे काय येतं ते बघायचं. मुलं येतात, जोडीदार सहसा नाही. अबोलीताईंच्या विद्यार्थ्यांनाही हे 'विथ टू किड्स' कानावर पडत असणार आणि त्यांना वाटत असेल, मग आमचं काय चुकलं?

अबोली

अगदी हेच वाटतं त्यांना. ज्यांनी जास्त ऐकलंय तेच जास्त वाद घालतात, आणि त्यांचं ऐकणं खरंच असतं.

गुरुवारचा तास झाला, म्हणून कळवते.

'बाय' घेतला होता. फळ्यावर पाच वाक्प्रचार लिहिले: बाय हार्ट, बाय मिस्टेक, बाय चान्स, बाय हँड, बाय कार. शेजारी त्यांनीच स्पॅनिश भरलं: 'दे मेमोरिया', 'पोर एर्रोर', 'पोर कासुआलिदाद', 'आ मानो', 'एन कार्रो'. एका 'बाय'साठी चार वेगळे शब्द. छपरं घालणारे एक काका म्हणाले, 'टीचर, मग आम्ही चुकणारच!' मी म्हटलं, चुकणारच, आणि आता कुठे चुकणार ते माहीत झालं. मग आम्ही प्रीपोझिशन एकटा लिहायचाच नाही असं ठरवलं. प्रत्येकानं पाच पाठकोऱ्या चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला आपल्या आयुष्यातलं वाक्य स्पॅनिशमध्ये, मागे तेच इंग्रजीत. छपरंवाल्या काकांनी लिहिलं, 'आय मेझर एव्हरीथिंग बाय हँड.' दंतवैद्य बाईंनी लिहिलं, 'आय नो ऑल द बोन्स ऑफ द फेस बाय हार्ट.'

दंतवैद्य बाईंनी मला विचारलं, तुमच्या भाषेत 'बाय हार्ट'ला काय म्हणतात? मी 'तोंडपाठ' सांगितलं आणि फोड करून दाखवली: तोंड, आणि पाठ म्हणजे वाचलेलं, म्हटलेलं. त्यांना ते फार आवडलं. इंग्रजांचं हृदयात, आमचं स्मरणात, तुमचं तोंडात, असं त्या म्हणाल्या.

स्वप्नाचा निबंध लिहिणारी विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. मी तिला सांगितलं की वहीत 'ड्रीम्ड अबाउट' लिहायचं, परीक्षेतही तेच लिहायचं. आणि सांगितलं की माझ्या भाषेत तुझी आई तुझ्या स्वप्नात आली असं म्हणतात. तिनं ते वाक्य मराठीत म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, 'आई स्वप्नात आली होती.' तिनं फोन काढला, रेकॉर्ड केलं आणि होंडुरासला पाठवलं.

पुढच्या मंगळवारी 'अ‍ॅट' घ्यायचा आहे. 'दाराशी', 'खिडकीपाशी' हे 'शी' आणि 'पाशी' त्याच्या बरेच जवळ जातात असं वाटतंय. कोणाकडे चांगली उदाहरणं असतील तर सोमवारपर्यंत इथे टाका.

मांडवीकाठ

'अ‍ॅट द डोअर'. आजीच्या पत्रात आहे: 'आय वेट यू अ‍ॅट द डोअर एव्हरी सॅटर्डे.' 'फॉर' नाही, पण 'अ‍ॅट' बरोबर आहे. हवं तर फोटो पाठवतो.

अबोली

पाठवा.